हमीपत्र कोणी कोणास द्यावयाचे?

अलीकडे आमच्या विद्यापीठांना परदेशाचे वेध लागले आहेत. त्यात वावगे काहीच नाही. मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यासंबंधीचे विनियम जाहीर केले आणि परकीय विद्यापीठाशी हातमिळवणी करून जोड-अभ्यासक्रम, संयुक्त पदवी किंवा दुहेरी पदवी देण्याचा मार्ग भारतीय विद्यापीठास मोकळा झाला. जोड-अभ्यासक्रमात, म्हणजे ज्याला ट्विनिंग म्हणतात त्यात, विद्यार्थ्याने तीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी मिळवावेत. संयुक्त पदवीत उभयपक्षांचा वाटा प्रत्येकी निदान तीस टक्क्यांचा असावा. अशी सारी वाटणी त्यात चोख मांडलेली आहे. टक्केवारीच्या बाबतीत जो नेमकेपणा दाखविला गेला, तो विद्यार्थ्याच्या जीविताच्या बाबतीत दाखविला गेलेला नाही. संस्थांनी आपापली माहितीपत्रके छापली, त्यांवर हिरवळ, घड्याळाचे मनोरे आणि हसरे चेहरे झळकले. आमचे भांडण त्या चित्रांशी नाही. आमचे भांडण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानाशी आहे.

त्या पानावर हमीपत्र असते. अशी काही हमीपत्रे सल्ल्यासाठी आमच्या टेबलावर येऊन गेली आहेत. संस्थांची नावे घेण्याचे प्रयोजन नाही. कारण सर्वांची भाषा इतकी एकसारखी की एकाने दुसऱ्याचे पाहून उतरवून काढले असावे. आशय असा की, परदेशी वास्तव्यात आजार, अपघात, अटक, दंगल किंवा मृत्यू यांपैकी काहीही ओढवले तरी त्याची जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थी व त्याचे पालक यांची राहील. विद्यापीठास जबाबदार धरले जाणार नाही. आणि कोणत्याही न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आम्ही राजीखुशीने सोडून देत आहोत. खाली पालकाची सही, आणि सहीशेजारी शंभर रुपयांचा स्टँप पेपर. पाठविणारा निर्धास्त, आणि ज्याचे मूल जाणार तोच जामीन! व्यवहाराची ही उलटापालट आम्हांस असह्य वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

प्रथम या कागदाची कायद्याच्या बाजारातली किंमत पाहू. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक धोरणास बाधक असलेला करार निरर्थक ठरतो, आणि २८ व्या कलमाप्रमाणे न्यायालयाचा दरवाजा सर्वथा बंद करणारी अट निरर्थक ठरते. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्स्पोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याही पुढे जाऊन सांगितले की, ज्या करारात एक पक्ष बलाढ्य आणि दुसऱ्यास छापील ओळीवर सही करण्यावाचून गत्यंतर नाही, त्यातील अन्यायी अट न्यायालय मान्य करणार नाही. विद्यापीठ आणि पालक यांच्यात बलाढ्य कोण, हे सांगावयास वकील नको. संमतीने पत्करलेल्या धोक्याबद्दल तक्रार चालत नाही हा सिद्धांत आम्हांसही ठाऊक आहे; परंतु जो धोका समोर मांडलाच नाही, त्यास संमती दिली असे कसे म्हणता येईल? "काहीही ओढवले तरी" या शब्दांत कोणताच धोका सांगितलेला नसतो. तो कागद न्यायालयात फारसा टिकणारा नाही, आणि तो लिहिणाऱ्यांनाही हे उमगत असावे. मग तो घेतात कशासाठी? पालकाच्या मनात भीती बसावी यासाठी. प्रसंग ओढवला म्हणजे शोकाकुल बाप आपल्याच सहीकडे पाहतो, आपला हक्क गेला असे समजतो आणि मुकाट बसतो. हाच त्या कागदाचा खरा उपयोग होय.

पाठविणाऱ्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, ही काही आमची नवी कल्पना नव्हे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटकडील एका शाळेची चौदा मुले सहलीत बियास नदीत बुडाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००१ साली त्या न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. बरोबर गेलेल्या शिक्षकांच्या हयगयीबद्दल संस्थेने जबाबदार असले पाहिजे, असे स्वच्छ शब्दांत ठरले. पुढे ८ जून २०१४ रोजी त्याच नदीवर त्याहून भयंकर प्रकार घडला. हैदराबादेतील आमच्या वाचकांना तो दिवस आठवत असेल. तेथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी अभ्याससहलीस हिमाचल प्रदेशात गेले होते. मंडी जिल्ह्यात थलौटजवळ ते नदीपात्रात उतरले असता वरच्या लारजी धरणातून पाणी सोडण्यात आले आणि चोवीस तरुण-तरुणी वाहून गेल्या. हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबास वीस लाख रुपये देण्याचा हुकूम झाला, आणि त्याचा भार वीज मंडळ, महाविद्यालय व राज्य शासन यांच्यात साठ, तीस आणि दहा टक्के असा वाटून देण्यात आला.

या तीस टक्क्यांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. धरण महाविद्यालयाचे नव्हते. दरवाजे त्याच्या शिपायाने उघडले नव्हते. ते विद्यार्थी शाळकरी पोरे नव्हती, पदवीच्या वर्गातले सज्ञान विद्यार्थी होते. तरीही महाविद्यालयाच्या पदरी जबाबदारीचा वाटा आला, कारण त्या अनोळखी नदीकाठी त्यांना नेले ते त्याने. मंडीस जे तत्त्व लागू पडते ते मेलबर्नला किंवा म्युनिकला का पडू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही. दिले जाते ते इतकेच, की "परकीय भूमीवर आमचा ताबा नाही." अहो, मंडीच्या धरणावर तरी कोणाचा ताबा होता? ताबा नसला तरी चौकशी करता येते, माहिती देता येते, आणि नको तेथे न पाठविणे हे तर सर्वस्वी आपल्याच हाती असते.

अमेरिकेतील न्यायालयांनी या प्रश्नाचा खल केलेला आहे. कनेक्टिकट राज्यातील एका निवासी शाळेने २००७ साली विद्यार्थ्यांना चीनमध्ये नेले. डोंगराळ रानात हिंडताना एका पंधरा वर्षांच्या मुलीस गोचिडीच्या दंशाने मेंदूज्वर झाला आणि तिची वाचा गेली. ज्यूरीने २०१३ मध्ये सुमारे चार कोटी पंधरा लक्ष डॉलरची भरपाई दिली; आणि २०१७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परदेशी सहलीत असल्या पूर्वकल्पित रोगापासून विद्यार्थ्यांना सावध करणे व जपणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. आता कोणी म्हणेल, गोचीड कोणाला चावेल हे कोण सांगणार? न्यायालयाने ते विचारलेच नाही. त्या भागात तो रोग आहे ही माहिती शोधणाऱ्यास मिळण्याजोगी होती की नाही, एवढेच पाहिले. मिळण्याजोगी होती. मग अंग झाकणारे कपडे घाला, औषध लावा, एवढे सांगण्यास काय खर्च येत होता?

आमच्या देशाचा संबंध उलट्या दिशेनेही येतो. मार्च १९९६ मध्ये जहाजावरून जगभ्रमण करीत शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची एक बस दिल्लीहून आग्र्यास जाताना उलटली आणि चार अमेरिकन विद्यार्थी दगावले. ताजमहाल पाहावयास निघालेली ती मुले होती. आमच्या हमरस्त्यांची जी गोष्ट आमच्यापैकी पोरासोरांनाही ठाऊक, ती त्यांच्या संयोजकांना ठाऊक असावयास हवी होती की नाही, हा वाद तिकडे वर्षानुवर्षे चालला. त्याचे फळ हळूहळू आले. मिनेसोटा राज्याने २०१४ मध्ये कायदाच केला, की आपल्या परदेश-अभ्यासक्रमांत किती विद्यार्थी मृत्यू पावले आणि किती इस्पितळात दाखल झाले, हे तेथील उच्चशिक्षण संस्थांनी दरवर्षी शासनास कळवावे. इतका साधा कायदा! मोजावे आणि सांगावे, एवढेच. आमच्याकडे एखाद्या विद्यापीठास असा प्रश्न लेखी विचारून पाहावा. प्रश्न विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते.

मोजदाद जी आहे ती परराष्ट्र मंत्रालयाची. २०२४ च्या जुलैत लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार त्यापूर्वीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशांत मृत्यू पावले; कॅनडात १७२, अमेरिकेत १०८, ब्रिटनमध्ये ५८, ऑस्ट्रेलियात ५७, रशियात ३७. यांपैकी हल्ल्यात बळी पडलेले १९. हा शेवटचा आकडा वाचकांनी जरा थांबून पाहावा. घरोघरी भीती असते ती गोळीबाराची, वर्णद्वेषाची, वर्तमानपत्रात मोठ्या मथळ्यात येणाऱ्या गोष्टींची. ती भीती खोटी नव्हे. परंतु उरलेले सहाशेहून अधिक कसे गेले? आजाराने, रस्त्यावर, अशा ज्या कारणांना मथळा मिळत नाही त्यांनी. गोव्याच्या किंवा बेळगावच्या मुलास बर्फावरून गाडी हाकण्याची काय सवय? थंड सरोवराचे पाणी मांडवीच्या पाण्यासारखे नव्हे, हे त्याला कोणी सांगितले? आणि पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडू लागला, परीक्षेत नापास झाला, घरचे कर्ज डोळ्यांपुढे नाचू लागले, की त्या खोलीत एकटा बसलेला मुलगा कोणाशी बोलतो? आपली माणसे "कसा आहेस" विचारतात, तो "बरा आहे" म्हणतो. हे धोके असे आहेत की त्यांचा आधी विचार करता येतो. हमीपत्रातून सूट मागावी अशी दैवी आपत्ती यांत एकही नाही.

विमा आहे ना, असे उत्तर येते. आहे; परंतु तो वाचला कोणी? अनेक पॉलिसींतून युद्ध वगळलेले असते, पूर्वीचा आजार वगळलेला असतो, स्वतःस केलेली इजा वगळलेली असते. म्हणजे नेमके जे घडण्याचा संभव, तेच गाळलेले. वकिलात आहे ना? तीही आहे, आणि तिने केलेल्या कामाबद्दल आम्हांस आदर आहे. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून मृतदेह मायदेशी आणण्यास साहाय्य मिळते. २०१५ पासून तक्रारींसाठी 'मदद' नावाची व्यवस्था आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे परदेशी अटक झालेल्यास आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क आहे. पण तो हक्क आहे हे त्या विद्यार्थ्यास विमानात बसण्यापूर्वी कोणत्या विद्यापीठाने शिकविले? (जाता जाता एक गोष्ट आमच्या गोमंतकीय वाचकांसाठी: ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्यांच्या मुलांनी भारतीय वकिलातीवर हक्काने विसंबू नये. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे ९ वे कलम त्या बाबतीत निष्ठुर आहे.)

एक तुलना आमच्या मनातून जात नाही. आखाती देशात मजुरीस जाणाऱ्या गवंड्यासाठी १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट झाला. त्याच्या १० व्या कलमाने दाखल्यावाचून भरती-दलाली करण्यास मनाई केली. पुढे अशा मजुरांसाठी दहा लाखांचा अपघात विमा सक्तीचा झाला. ती व्यवस्था सदोष आहे, दलाल तीतूनही पळवाटा काढतात. तरी दलालास दाखला हवा आणि मजुरास विमा हवा, एवढे तत्त्व तरी राष्ट्राने मान्य केले. विद्यार्थी पाठविणाऱ्या दलालास मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. पंजाबने आपल्यापुरता राज्याचा कायदा केला. बाकीच्यांनी काय केले? २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील एक बोगस विद्यापीठ बंद पडले, तेव्हा तेथे नाव घातलेल्या काही भारतीय मुलांच्या घोट्यांना पाळतीची यंत्रे बांधली गेली. त्या विद्यापीठात तेलुगू मुलुखातील मुलांचाच भरणा होता. शिकलेल्यास आपले हित कळते, त्याला संरक्षण कशाला, हा समज किती महागात पडतो ते तेव्हा दिसले.

आता मुख्य मुद्दा. युद्ध सुरू होण्यापूर्वी नऊ दिवस, म्हणजे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनमधील भारतीय वकिलातीने सूचना काढली की, ज्यांचे राहणे आवश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडावे. बहुसंख्य मुले निघाली नाहीत. का निघाली नाहीत? धाडस म्हणून नव्हे. वर्ग चालू होते, हजेरी लागत होती, घरून शिकण्याची परवानगी मिळत नव्हती. २२ फेब्रुवारीस वकिलातीला पुन्हा सांगावे लागले की विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहत बसू नका. २४ तारखेस तोफा सुरू झाल्या. १ मार्च रोजी खारकीव्हमध्ये कर्नाटकाच्या हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी मारला गेला. सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना पुढे परत आणण्यात आले, हे खरेच मोठे काम झाले. परंतु त्यांना तेथे अडकवून ठेवले होते ते शत्रूने नव्हे, हजेरीपटाने. वर्ष बुडेल, फी बुडेल, या धास्तीने मुले बॉम्बच्या छायेत बसून राहिली.

ती मुले कोणा भारतीय विद्यापीठाने पाठविलेली नव्हती. ती आपापली किंवा दलालांमार्फत गेलेली होती, आणि म्हणून त्यांच्या श्रेयांकांवर येथल्या कोणाचीच सत्ता नव्हती. जोड-अभ्यासक्रमाची गोष्ट नेमकी याउलट आहे. तेथे पदवीवर शिक्का आमच्या विद्यापीठाचा, श्रेयांक मोजणारे आमचे विद्यापीठ. विद्यार्थ्यास धोक्याच्या जागी खिळवून ठेवणारी जी एक साखळी आहे, तिची किल्ली याच विद्यापीठाच्या हाती आहे! त्याने आधीच लेखी एवढे म्हणावे: वकिलातीने निघण्याची सूचना दिली, की त्या दिवसापासून तुझी गैरहजेरी लागणार नाही, तुझे श्रेयांक येथे पुरे करून घेऊ, तुझे वर्ष जाणार नाही. याला पैसा लागत नाही. विद्वत्सभेचा एक ठराव लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वैद्यकीय आयोगाने युक्रेनमधून परतलेल्यांना अन्य देशांतील विद्यापीठांत शिक्षण पुरे करण्यास मान्यता दिली, ती घटना घडून गेल्यावर आणि मुले दारोदार हिंडल्यावर. नियम वाकविता येतात हे त्यावरून सिद्धच झाले. फक्त ते आधी वाकवावेत, एवढीच आमची मागणी. २०२४ च्या मे महिन्यात किरगिझस्तानात बिश्केकला दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हाही घरी परतावे की परीक्षेला थांबावे, हाच प्रश्न मुलांपुढे उभा राहिला.

आमचे विरोधक म्हणतात, अठरा वर्षांवरील मनुष्य आपला मुखत्यार आहे. मान्य. स्वतः दारू पिऊन गाडी चालविली तर विद्यापीठाने भरपाई द्यावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुखत्यार मनुष्यालाही खरेपणाने माहिती हवी असते, आणि ती ज्याच्याजवळ आहे त्यानेच ती द्यावयाची असते. ज्या वसतिगृहाशी विद्यापीठाने करार केला, ते पाहून आलेले प्राध्यापक विद्यापीठाचे. विद्यार्थी तेथे प्रथमच पाऊल ठेवणार. दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे: इतके ओझे लादलेत तर गरीब विद्यापीठे पाठविणेच बंद करतील, आणि नुकसान होईल ते होतकरू मुलांचे. यावर आमचे म्हणणे असे की, जे विद्यापीठ रात्री दोन वाजता दूरध्वनी उचलणारा एक मनुष्य नेमू शकत नाही, त्याने परदेशी मुले पाठविण्याचा उद्योग करू नये. दोन परदेशवाऱ्या कुलगुरूंच्या कमी केल्या तर त्या मनुष्याचा वर्षाचा पगार निघेल.

दाद कोठे मागावी, हा निराळाच घोर. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने ठरविले की, कोचिंग क्लास वगळता शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, आणि त्यांच्या सहली, पोहणे, क्रीडा हेही त्यात येत नाही. या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. तूर्त पालकापुढे राहतो तो दिवाणी दावा, नाहीतर उच्च न्यायालयातील रिट. आणि पुरावा सारा परदेशात! म्हणून भांडण नंतर करण्यापेक्षा आधी करावे, असे आम्ही आमच्या पक्षकारांना सांगतो.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांच्यामागे कोणते विद्यापीठ होते? न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीने केवळ मायेपोटी त्यांना घरात घेतले. तरीही फिलाडेल्फियाची थंडी व परके अन्न त्या प्रकृतीस सोसले नाही. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, तेव्हा महिना साडेअकरा पौंड देण्याचे कबूल झाले आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला गेला. म्हणजे त्या काळीही विद्यार्थी लिहून देत होताच. परंतु दुसऱ्या बाजूसही काही आकडे लिहिलेले होते. आजच्या हमीपत्रात दुसरी बाजू कोरी असते.

ती भरून घेणे आपल्या समाजास शक्य आहे, आणि आमचा रोख आता या मासिकाच्या वाचकांकडेच आहे. समुद्रगमनास एकेकाळी प्रायश्चित्त सांगणारा हा समाज आज परदेशी निघालेल्या मुलास देवळाच्या सभामंडपात शाल-श्रीफळ देतो. गोव्यात, बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेरकडे कितीतरी देवस्थाने आणि ज्ञातिसंस्था शिष्यवृत्त्या किंवा बिनव्याजी कर्जे देतात. ज्याचा पैसा त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. विश्वस्तांनी आणि महाजनांनी चेक लिहिण्यापूर्वी विद्यापीठाकडे एक पत्र पाठवावे. परदेशी राहण्याची जागा तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे काय, आणि केव्हा? दिवसरात्र चालणारा दूरध्वनी कोणता, आणि तो उचलतो कोण? विम्यातून काय वगळले आहे ते मराठीत किंवा कोंकणीत पालकांस समजावून दिले काय? मन खचलेल्या विद्यार्थ्याने कोणाकडे जावे? मागील वर्षांत तुमच्या किती मुलांना इस्पितळात जावे लागले? वकिलातीची सूचना आल्यास श्रेयांक राखण्याचा ठराव झाला आहे काय? आणि ते शेवटचे पान, सर्व हक्क सोडून देण्याचे, तुम्ही काढून टाकणार काय?

एकट्या पालकाने हे विचारले तर प्रवेश अडेल या भीतीने तो विचारणार नाही. संस्थेने विचारले तर उत्तर द्यावेच लागेल, निदान उत्तर न दिल्याचे तरी कागदावर येईल, आणि वकिलास तोही कागद पुरतो. बहुतेक संस्थांचे शिष्यवृत्तीचे अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर सुटतात. त्याआधीच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्यास चिटणिसांना पुरेसा अवधी आहे.